विहीणबाई लोणार बघतात

प्रतीक्षाचा फोन आला तेव्हा गोजरबाई शेतात गवार तोडत होती. तिने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि हात चालूच ठेवले. मे महिन्यात ऊन चढायच्या आत गवार तोडून झाली नाही तर शेंग मलूल पडते आणि बाजारात तिच्याकडे कुणी बघत नाही.

"आई, परवा मम्मी येऊन राह्यल्या," प्रतीक्षा दबक्या आवाजात म्हणाली. "लोणार पाह्याले. मी बी आहो संगं."

मम्मी म्हणजे प्रतीक्षाची सासू, अन्नपूर्णाबाई. चिखलीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, दुकानावर माळा होता, माळ्यावर एसी होता, आणि या तिन्ही गोष्टी समोरच्याला पहिल्या भेटीतच कळतील याची त्या काळजी घेत. त्यांच्या भिशीतल्या बाया गेल्या महिन्यात लोणारला जाऊन फोटो काढून आल्या होत्या. साठ वर्षांच्या आयुष्यात दीड-दोन तासांवरचं सरोवर बघावं असं अन्नपूर्णाबाईंना कधी वाटलं नव्हतं. आता एकदम वाटलं.

"परवा बाजार आहे," गोजरबाई म्हणाली.

"म्हणून तर फोन केला. तू परवा बसू नको. अन् त्यांले भाजीच्या रांगेत नेऊ नको. एक दिवस, आई. एकच दिवस मागून राह्यली मी."

गोजरबाई लोणारच्या बाजारात तेवीस वर्षांपासून भाजी विकत होती. सुलतानपूरची तीन एकर, त्यातला एक एकर भाजीपाला, आणि बाजाराच्या दिवशी जमिनीवर गोणपाट टाकून मांडलेला माल. त्यावरच प्रतीक्षाचं बी.कॉम. झालं होतं. पण आठ महिन्यांपूर्वी सोयरीक जमवताना मध्यस्थाने चिखलीकरांना सांगितलं होतं, "बागायती शेती आहे, माल बाजारात जातो." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. माल कोण नेतं आणि कुठं बसून विकतं, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि सांगायचं कुणी मनावर घेतलं नाही. गोजरबाईचा नवरा कारभारी तेव्हा नुसता हसत बसला होता. त्याचं हसणं असंच, सगळ्या बाजूंनी वापरता येणारं.

"बरं," गोजरबाई म्हणाली आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ तिला स्वतःचीच किळस येत राहिली. आपण चोरी करत होतो की काय तेवीस वर्षं?

बाजाराच्या दिवशी पहाटे तिने दोन गोण्या गवार भरून शेजारच्या तानुबाईकडे दिली. तानुबाई बाजारात तिच्याच बाजूला बसायची. साठी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, पण हिशोबात आणि शब्दात सरळ बाई.

"काऊन व, तू नाही बसत आज?" तानुबाईने विचारलं.

"विहीण येऊन राह्यली."

"मंग तिले दाखव ना आपली जागा."

गोजरबाई गोणीचं तोंड बांधत राहिली. तानुबाईला उत्तर कळलं. तिने गोण्या मुकाट्याने ऑटोत टाकल्या.

सकाळी आठला येणारी विहीणबाईंची गाडी साडेअकराला आली. दुकानाची पांढरी गाडी, दुकानाचाच ड्रायव्हर. आधी प्रतीक्षा उतरली आणि तिने धावत येऊन दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. गोजरबाईने ते पाहिलं. ज्या पोरीने तिच्या घरात कधी पाण्याचा तांब्या कुणाच्या हातात दिला नव्हता, ती आता दारं उघडत होती.

अन्नपूर्णाबाई उतरल्या. अंगावर जरीची साडी, डोळ्यांवर गॉगल, एका हातात छोटा बॅटरीचा पंखा. लोणारच्या मे महिन्यात जरीची साडी नेसणाऱ्या बाईच्या अकलेबद्दल गोजरबाईला वेगळं काही विचारायची गरज उरली नाही.

"बाई बाई, तुमच्याकडे ऊन फार हो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. जसं काही चिखलीला सूर्य वेगळा होता.

"हाव ना, विहीणबाई," कारभारी लगेच म्हणाला. त्याने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो सकाळपासून त्यात वाकत नव्हता. आता मात्र चांगला वाकला. "आमच्याकडचं ऊन जरा खराबच."

गोजरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ऊनसुद्धा या माणसाने विहिणीच्या पायाशी ठेवलं होतं.

आधी ते लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहायला गेले. बाहेर दगड तापून अनवाणी पाय टेकवत नव्हता आणि आत मात्र माठात शिरल्यासारखा गारवा होता. गोजरबाईला हे देऊळ आवडायचं. बाजार उठल्यावर कितीदा तरी ती इथे येऊन नुसती भिंतीला पाठ लावून बसली होती. बाहेरच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या बाया उभ्या होत्या, कुणी आरशात बघणारी, कुणी नाचणारी. ती त्यांना मनातल्या मनात ओळखीच्या बायांची नावं द्यायची.

अन्नपूर्णाबाईंनी छताकडे एकदा पाहिलं. "अंधार किती! सरकारने टाइल्स लावायला पाहिजेत. आणि एक ट्यूबलाइट."

"बरोबर आहे," कारभारी म्हणाला.

"काय बरोबर आहे?" गोजरबाईने त्याला हळूच विचारलं.

"तू गप व."

विहीणबाईंनी कोरीव भिंतीसमोर उभं राहून सोळा फोटो काढून घेतले. ते काढायचं काम प्रतीक्षाकडे होतं. प्रत्येक फोटो बघून त्या म्हणत, "यात मी जाड दिसते," आणि पुन्हा उभ्या राहत. दगडातल्या बायांकडे त्यांची सबंध वेळ पाठ होती.

मग गाडी सरोवराच्या काठावर गेली. गोमुखाच्या धारेशी अन्नपूर्णाबाईंनी दोन बोटं ओली करून डोळ्यांना लावली आणि लगेच पर्समधून बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळलं. देवाच्या पाण्यावर! गोजरबाई आयुष्यात पहिल्यांदा असलं काही बघत होती. चीड यायला हवी होती, पण आलं ते हसू. तिने पदराचं टोक तोंडात धरलं.

वरून सरोवर हिरवंगार दिसत होतं, भोवती रान आणि त्यावर थरथरणारी वाफ.

"हेच का?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"हेच," गोजरबाई म्हणाली.

"नेटवरच्या फोटोत गुलाबी होतं."

"ते एका सालची गोष्ट आहे. रोज रोज थोडंच होते."

"मग आम्ही एवढ्या लांबून कशाला आलो?" त्यांनी पंखा तोंडासमोर धरला. "आमच्या चिखलीत पावसाळ्यात याच्यापेक्षा मोठं डबकं साचतं."

कारभारी हसला. गोजरबाईला वाटलं, याला इथूनच खाली ढकलावं. उल्का पडून एवढा खड्डा झाला, हा पडून काही फार फरक पडणार नाही.

पण भिशीतल्या बायांचे फोटो खालचे होते, अगदी पाण्याजवळचे. त्यामुळे विहीणबाईंना खाली उतरायचंच होतं. भर दुपारी एक वाजता. गोजरबाईने सांगून पाहिलं, "आता उतरू नका, वर येता येता जीव जाईन." अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मी रोज सकाळी मॉर्निंग वॉक करते," आणि टाचांच्या सँडल घालून उतरायला लागल्या.

पायऱ्या संपून खडकाळ पायवाट सुरू झाली तिथेच त्यांचा पाय सरकला. हातातला पंखा झुडपात उडाला, गॉगल कपाळावर गेला आणि पुण्याची वाटावी अशी जी मराठी त्या सकाळपासून जपून बोलत होत्या, ती एका क्षणात कुठल्या कुठे गेली.

"अवो मले धरा! पडून राह्यली ना मी! धरा व माय!"

गोजरबाईने त्यांना दंडाला धरून उभं केलं. जड बाई, पण गोजरबाईचे दंड गोण्या उचलणारे होते. पाण्याच्या काठापर्यंत तिने त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. काठावर खारट, कुजका वास होता. अन्नपूर्णाबाईंनी नाकाला रुमाल लावला, फोटोपुरता काढला, पुन्हा लावला. वर चढताना त्या तीनदा खाली बसल्या. प्रत्येक वेळी गोजरबाईने आपल्या पिशवीतलं कांदा-कैरीचं पन्हं त्यांना पाजलं. त्या प्यायल्या, आणि वर पोचल्यावर, मराठी जागेवर आल्यावर म्हणाल्या, "पन्हं गोड करायचं असतं विहीणबाई. आमच्याकडे केशर घालतात."

आभार नाही, काही नाही. गोजरबाईला त्यांची अपेक्षाही नव्हती. तिला फक्त संध्याकाळ व्हायला हवी होती.

साडेचारच्या सुमारास प्रतीक्षा म्हणाली, "मम्मी, आता निघू या ना? तुम्ही थकल्या असाल."

"बाजार आहे ना आज? मग बाजार बघू. खेड्यात स्वस्त मिळतं."

प्रतीक्षाने आईकडे पाहिलं. गोजरबाईने मान हलवली: मी सांभाळते.

आणि तिने खरंच सांभाळलं. बांगड्यांची दुकानं दाखवली, मसाले दाखवले, टोपल्यांवाल्याकडे अर्धा तास काढला. तिथे अन्नपूर्णाबाईंनी बांबूची एक टोपली उलटीसुलटी करून पाहिली आणि "आमच्याकडे प्लास्टिकच्या मिळतात, टिकतात तरी" असं टोपली विणणाऱ्याच्या तोंडावर सांगून परत ठेवली. ओळखीचे आवाज येत होते. "गोजरमाय, आज कुठं?" गोजरबाई बहिरी झाली होती. तेवीस वर्षांत ती पहिल्यांदाच या बाजारात पायात चप्पल घालून, हात रिकामे ठेवून हिंडत होती आणि तिला आपण कुणाच्या तरी घरात न सांगता शिरल्यासारखं वाटत होतं.

"भाजी कुठं आहे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"भाजी संपली असेल आता," प्रतीक्षा घाईने म्हणाली.

"संपेल कशी? ती काय समोर."

त्या चालूही लागल्या. रांगेत आठ-दहा बाया होत्या. अन्नपूर्णाबाई नेमक्या तानुबाईसमोर थांबल्या, कारण तानुबाईसमोरची गवार सगळ्यात कोवळी होती. गोजरबाईची गवार होती ती.

तानुबाईने वर पाहिलं. गोजरबाई दिसली, मागे प्रतीक्षा दिसली. या पोरीला तिने पाळण्यात पाहिलं होतं. याच गोणपाटावर तिला कितीदा झोपवलं होतं. प्रतीक्षाने नजर दुसरीकडे वळवली. तानुबाईने तेही पाहिलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशी बोलली, "या बाई. काय देऊ?"

अन्नपूर्णाबाईंनी उभ्यानेच वाकून एक शेंग उचलली आणि मोडली. मग दुसरी मोडली. मग तिसरी. मोडलेल्या शेंगा ढिगावर टाकत त्या म्हणाल्या, "जून आहे."

"नाही बाई, आज सकाळचीच तोडलेली आहे. कोवळी लुसलुशीत."

"मला शिकवू नका. काय भाव?"

तानुबाईने भाव सांगितला. अन्नपूर्णाबाईंनी निम्मा सांगितला. तानुबाई म्हणाली, "इतक्यात नाही परवडत." अन्नपूर्णाबाईंनी मग तराजूचं पारडं उचललं आणि त्याच्या बुडाशी बोटं फिरवून पाहिली.

"काय पाह्यता बाई?"

"चुंबक. तुम्ही लोक खाली चुंबक चिकटवता. माहीत आहे मला सगळं. बाजारच्या बाया म्हणजे एकजात लबाड. उन्हात बसून बसून लाज जळून जाते यांची." हे त्या तानुबाईला सांगत नव्हत्या, वळून गोजरबाईला सांगत होत्या, आपल्या बरोबरीच्या बाईला सांगावं तसं.

बाजूच्या बायांनी माना वळवल्या. तानुबाईचा चेहरा काळा पडला. तिने तोंड उघडलं, मग गोजरबाईकडे पाहून मिटलं. तिच्या तोंडावर तराजूला हात घालायची हिंमत कधी कुणी केली नव्हती. केली असती तर तानुबाईने त्याला चार गावं ऐकू जाईल असं सुनावलं असतं. आज ती गप्प बसली होती, ती फक्त गोजरबाईसाठी.

ते गोजरबाईला सोसलं नाही. सकाळपासून जे काही गिळलं होतं ते सगळं गिळलं गेलं होतं, पण हे घशाखाली उतरेना. तिने चप्पल काढली, गोणपाटावर पाय ठेवला आणि तानुबाईच्या शेजारी, आपल्या रोजच्या जागेवर मांडी घालून बसली.

"आई," प्रतीक्षा म्हणाली. इतकंच.

गोजरबाईने विहिणीच्या हातातलं पारडं काढून घेतलं, साखळी सारखी केली आणि दोन्ही पारडी रिकामी उचलून धरली. काटा मधोमध उभा राहिला.

"पाहून घ्या विहीणबाई. नीट पाहा. आता बोला, किती देऊ?"

अन्नपूर्णाबाईंनी गॉगल काढला. "तुम्ही... तुम्ही इथं काय बसल्या? उठा! लोक बघताहेत!"

"लोक तेवीस वर्षांपासून पाहून राह्यले. तुमीच आज पाह्यलं."

"म्हणजे? तुम्ही भाजी विकता?"

"हो. अन् ही गवार माह्या वावरातली आहे. जून नाही. तुमाले कळत नाही म्हणून जून वाटते. अन् ह्या तानुबाईनं कधी कोणाले मासाभर कमी दिलं नाही. तुमच्या दुकानात मीटर कसा ताणून मोजतात ते म्या लग्नाचं कापड घेताना पाह्यलं. पण म्या तुमच्या मीटरले हात लावला नोता."

मागून एक बाई हसली, मग दोघी-तिघी. कारभारी पुढे झाला, "विहीणबाई, ती उन्हानं जरा... तुम्ही मनावर घेऊ नका. ती रोज नाही बसत." गोजरबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्यासाठी वेगळा शब्द खर्च करावा असं तिला वाटलं नाही.

"बागायतदार म्हणून सांगितलं होतं आम्हाला," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. आवाज चिरला होता.

"मंग बाग कोणी विकायची? बागेनं सवता चालत यावं काय बाजारात?"

अन्नपूर्णाबाई वळल्या आणि जरीचा पदर सावरत गाडीकडे निघाल्या. जाताना त्यांचा पाय कुणाच्या तरी कांद्याच्या ढिगाला लागला, चार-पाच कांदे घरंगळले, त्या थांबल्या नाहीत. ते कांदे प्रतीक्षाने वाकून उचलले आणि ढिगावर ठेवले. मग ती आईसमोर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"एक दिवस मागतला होता मी तुले, आई."

"तिनं तानुबाईले लबाड म्हटलं."

"म्हटलं. मी बी ऐकलं. तू इथं बसून दोन शबूद बोलली अन् मोकळी झाली. तिथं मले राहायचं आहे. रोज." ती थोडी थांबली. "तुले वाटते मले लाज वाटते. वाटते. खोटं काऊन बोलू? पण मले त्या घरात सकाळी उठून चहा करायचा असते ना."

 गोजरबाईजवळ विहिणीला द्यायला शंभर शब्द होते. पोरीला एकही सापडला नाही. प्रतीक्षा गेली. गाडीचं दार लागलेलं तिला तिथपर्यंत ऐकू आलं.

 तानुबाईने मोडलेल्या तीन शेंगा ढिगातून वेचून बाजूला टाकल्या आणि म्हणाली, "तू गप राह्यली असती तं चाललं असतं मले."

"मले नसतं चाललं," गोजरबाई म्हणाली. उरलेली गवार त्या दोघींनी अंधार पडायच्या आत विकली.

त्यानंतर अठरा दिवस प्रतीक्षाचा फोन आला नाही. आला तेव्हा ती कुणाच्या तरी बारशाबद्दल बोलली आणि लवकर ठेवून दिला. गोजरबाईने "तिकडं काय म्हणतात?" असं विचारलं तर "काही नाही" एवढंच म्हणाली. कारभारी मधूनमधून सुचवत राहिला की आपण चिखलीला जाऊन माफी मागून येऊ. "तुम्ही जा," गोजरबाई म्हणायची, "तुमचा सदरा इस्त्रीचाच आहे." तो गेला नाही. माफी मागायलासुद्धा बायको सोबत लागणारा माणूस!

जूनमध्ये मेहकरला एका लग्नात दोन्ही घरं समोरासमोर आली. गोजरबाईने ठरवलं होतं, आपण होऊन बोलायचं नाही. पण जेवणाच्या हॉलच्या दाराशी अन्नपूर्णाबाई चार-पाच नटलेल्या बायांच्या घोळक्यात उभ्या होत्या. गोजरबाईला त्यांनी टाळलं तर नाहीच, उलट हाताला धरून ओढलं.

"या आमच्या विहीणबाई," त्या गोड हसून म्हणाल्या. "लोणारला यांचा भाजीपाल्याचा मोठा व्यापार आहे. सगळं ताजं, स्वतःच्या फार्मचं. ऑर्गॅनिक."

गोजरबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. महिनाभरात या बाईने तिच्या गोणपाटाचाही माळा बांधला होता आणि वर एसी लावला होता. बाजारात त्यांना आलेला राग तरी खरा होता. हे तर त्याहून हलकं निघालं. भांडायलासुद्धा समोर काही उरलं नव्हतं.

"व्यापार नाही बाई," ती घोळक्याला म्हणाली. "जमिनीवर बसून विकते मी. गवार, भेंडी, कोथमिर."

अन्नपूर्णाबाई मोठ्याने हसल्या. "फार विनोदी आहेत हं आमच्या विहीणबाई!"

बायाही हसल्या. तेवढ्यात मागून प्रतीक्षाचा आवाज आला. ती सासूसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली होती.

"विनोद नाही तो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. "मी पण बसायची. सुट्ट्यांत."

तिने आईकडे पाहिलं नाही. ग्लास सासूच्या हातात दिला, रिकामा झाला तसा परत घेतला आणि आत निघून गेली. घोळक्यातल्या एका बाईने घाईने विषय बदलून नवरीच्या शालूबद्दल काहीतरी विचारलं, आणि अन्नपूर्णाबाईंनी तो कुठल्या दुकानातला असू शकेल आणि किती हलका आहे ते सांगायला सुरुवात केली.

गोजरबाई पंगतीत जाऊन बसली. वाढप्याने बुंदी आणली तेव्हा तिने एकदा घेतली, आणि तो परत आला तेव्हा पुन्हा घेतली.